शन पाओलिनची अट

एवाल्ड टीडेमानला स्वतःविषयी शंका म्हणून कधी यायचीच नाही. ब्रेमेनला सुतारकी शिकलेला, चीनमध्ये तिएनत्सिनला अठ्ठावीस वर्षं दुकान चालवलेला माणूस. मोजपट्टी बोलेल ते खरं, बाकी सगळ्या बाता. कम्युनिस्टांचे लाल झेंडे लागून अडीच वर्षं होऊन गेली, दुकान सरकारी कारखान्यात जमा झालं, ओळखीचे जर्मन एकेक करून गेले, तरी हा छाती काढून सांगायचा, "माझं कुणाशी वाकडं नाही. मला कोण अडवतंय?"

अडवत कुणी नव्हतं हो, पण सोडतही नव्हतं. देश सोडणाऱ्या परक्या माणसाला पोलीस कचेरीत एक चिनी जामीनदार उभा करावा लागे. हा गेल्यावर मागे काही भानगड निघाली तर मी निस्तरीन, असं त्यानं लिहून द्यायचं. टीडेमान देश सोडतोय अशी वर्तमानपत्रात जाहीर सूचना छापून झाली होती, सामानाच्या याद्या झाल्या होत्या. जहाज शनिवारी सुटणार, आज मंगळवार, आणि जामीनदाराचा पत्ता नाही. टीडेमानच्या कपाटाशिवाय ज्यांच्या मुलींची लग्नं अडायची, ते आता त्याला बघून रस्ता ओलांडायला लागले. त्यांचं तरी काय चुकलं? असल्या दिवसांत परक्याचं लचांड गळ्यात कोण घेणार!

"शन पाओलिनकडे जा," त्याची बायको गेर्डा म्हणाली.

"त्याच्याकडे? त्याला मी नापास केलंय."

"अकरा वर्षं झाली त्याला!"

"नापास तो नापास."

"तिकडे जर्मनीत नातू चालायला लागला, आपण त्याचं तोंड पाहिलेलं नाही. आणि तू इथे बस पास-नापास करत!"

शननं टीडेमानकडे तीन वर्षं उमेदवारी केली होती. जर्मन रीत अशी, की उमेदवारी संपली की पोरानं एकट्यानं एक वस्तू बनवायची, उस्तादानं ती तपासायची आणि पसंत पडली तर कारागीर झाल्याचा सही-शिक्क्याचा कागद द्यायचा. शननं अक्रोडाचं चार खणांचं कपाट बनवलं. टीडेमाननं खणाच्या कडेला अंगठ्याचं नख घातलं, ते आत गेलं. "इथून उंदीर जाईल," एवढंच तो म्हणाला. कागद मिळाला नाही. शननं शब्द काढला नाही, कपाट हातगाडीवर घालून घरी नेलं. आता तो त्याच सरकारी कारखान्यात सुतारांचा मुकादम होता.

नवरा हलेना, तेव्हा गेर्डाच जाऊन त्याला भेटून आली.

बुधवारी दुपारी शन आला तो हातगाडी ओढतच. घामानं निथळत होता. गाडीवर गोणपाटाखाली काहीतरी होतं.

"उस्ताद, सही करतो," तो म्हणाला. "अट एकच. हे परत तपासा."

त्यानं गोणपाट काढलं. तेच कपाट! वरच्या फळीवरची काळी गाठ टीडेमाननं लगेच ओळखली.

"पास!" गेर्डा टाळी वाजवून म्हणाली. "लिही रे, एवाल्ड, पास म्हणून!"

"थांबा काकू," शन म्हणाला. "जहाज गाठायचं म्हणून पास करू नका. तसला कागद मला कुणीही देईल. मी कुठं चुकलो होतो, ते उस्तादांनी दाखवायचं. चुकलो असेन तर सही नाही, असंही नाही. सही करणारच. पण खरं सांगायचं."

टीडेमान खाली वाकला. खणाच्या कडेला नख लावलं. नख आत जाईना. चारही खण त्यानं तपासले. ओढला की खण पुढे यायचा, ढकलला की निमूट मागे जायचा. ना करकर, ना आढेवेढे.

"फट बुजवलीस," तो म्हणाला.

"हात लावलेला नाही. तुम्ही जानेवारीत तपासलंत, उस्ताद. तेव्हा उत्तरेचा कोरडा वारा होता, लाकूड आक्रसलं होतं. आता ऑगस्ट आहे, भिंतींना पाणी सुटलंय. लाकूड फुगणार म्हणूनच मी जागा सोडली होती. माझा बाप अशीच सोडायचा."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"उमेदवारानं उस्तादाला शिकवायचं?"

गेर्डा स्वयंपाकघरातल्या कपाटाकडे गेली. नवऱ्यानं स्वतः केलेलं कपाट, ब्रेमेनच्या मापानं, केसही शिरणार नाही असं. तिनं खण ओढला. हलेना. पाय लावून ओढला, तर मूठच हातात आली.

"अठ्ठावीस पावसाळे मी याच्याशी कुस्ती खेळतेय," ती मूठ नाचवत म्हणाली, "आणि हा शहाणा म्हणतो, चीनची हवाच खराब!"

टीडेमानचे कान लालबुंद झाले. ब्रेमेनला बारा महिने हवा सारखीच ओली, लाकूड फारसं फुगत-आक्रसत नाही; तिथलं माप त्यानं इथं तसंच्या तसं चालवलं होतं. गावभर त्याची कपाटं उभी होती. कुणाकुणाचे खण दर पावसाळ्यात अडकत असतील, देव जाणे, आणि लोक बिचारे आपलाच हात जड समजत असतील. आयुष्यात पहिल्यांदा त्याला तोंड लपवावंसं वाटलं. पण लपवणारा तो नव्हेच. चुकतानासुद्धा हा माणूस ताठच असायचा.

त्यानं टेबलाशी बसून चांगला जाड कागद घेतला. शन पाओलिन, सुतारकामाचा कारागीर, काम निर्दोष. खाली सही ठोकली आणि तारीख घातली.

गेर्डानं खांद्यावरून डोकावून पाहिलं. "अरे, एकोणीस जानेवारी चाळीस काय लिहितोस? आज बावीस ऑगस्ट एक्कावन्न! तारीख चुकली."

"चुकली नाही," टीडेमान म्हणाला. "त्या दिवशी हा पास होता. नापास मी झालो होतो."

शननं कागद दोन्ही हातांनी घेतला. वाचता वाचता त्याचे डोळे भरून आले, ते त्यानं लपवले नाहीत. टीडेमाननं खुंटीवरची टोपी उचलली.

"चला उस्ताद," शन बाहीनं तोंड पुसत म्हणाला, "कचेरी पाचला बंद होते."