मावशी जेवतायत

शर्टांच्या कारखान्यातली जेवणाची सुट्टी अर्ध्या तासावरून दहा मिनिटांवर आली, तेव्हा आम्ही थोडी कुरकुर केली आणि मशीनपाशीच घास कोंबायला लागलो. काज करणाऱ्या मावशींना मात्र ते जमेना. त्यांचा नेम होता. दुपारी एकदाच जेवायचं, जेवताना बोलायचं नाही, ताट संपेपर्यंत उठायचं नाही. दहा मिनिटांत तो पुरा होईना म्हणून तीन दिवस त्यांनी नुसत्या दुधावर काढले. तिसऱ्या दिवशी मशीनवरच त्यांना भोवळ आली.

चौथ्या दिवशी सुट्टी होताच त्या सरळ फाटकासमोरच्या गाड्यावर गेल्या आणि बाकावर बसल्या. आम्हीही मागोमाग गेलो.

गाडेवालीचं सगळंच न्यारं. टॅको, म्हणजे मक्याची दुमडलेली पोळी, मेक्सिकोचा, आत फलाफलचे वडे आणि काबुली चण्यांचं हुमूस भूमध्य समुद्राकाठचं, वर टोमॅटोचा झणझणीत, पातळ साल्सा. "दोघांचं मी लग्न लावून दिलंय," ती म्हणायची. मावशींनी दोन बोटं दाखवली, हात जोडले आणि सावकाश खायला लागल्या. घाई केली तर साल्सा कोपरापर्यंत ओघळतो.

दहा मिनिटं झाली तसा मुकादम आला.

"बाई, घंटा झाली."

मावशी चावत राहिल्या.

"ऐकू येत नाही का?"

"येतं की," गाडेवाली म्हणाली. "मावशी जेवतायत. मला विचारा, मी फुकट उत्तरं देते."

"आत्ताच्या आत्ता उठल्या नाहीत, तर उद्यापासून येऊ नका म्हणावं!"

मावशींनी शांतपणे एक बोट वर केलं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, अजून एक टॅको."

आम्ही खो खो हसलो. बटणवाली त्यांच्या शेजारी टेकली, मग मी, मग सगळ्याच.

"सगळ्यांनाच काढू का?" मुकादम ओरडला.

"काढा ना. परवा माल जायचाय, शर्ट तुम्ही शिवा," बटणवाली म्हणाली.

मावशींनी शेवटचा घास संपवला, पाणी प्यायलं, हात जोडले. मग इतक्या हळू बोलल्या की मुकादमाला वाकावं लागलं.

"साहेब, अर्धा तास आमचा होता, तो आम्ही घेणार. उद्याही मी इथेच बसेन. काढायचं तर काढा, पण माझं जेवण झाल्यावर सांगा."

"मालकांशी बोलतो मी!"

"बोला. आम्ही आत कामावर आहोत."

दुसऱ्या दिवशी चौघींच्या बाकावर आम्ही सातजणी होतो, बाकीच्या पायरीवर. दहा मिनिटांनी मुकादम फाटकापर्यंत आला. त्याने आमच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि आल्या पावली आत गेला. मावशींनी दुसरा टॅको नुकताच हातात घेतला होता.