शेवाळाच्या कपाटातले फूल

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे, पण माझ्यावर ना कविता आहे ना पत्र. माझ्या पोटावर एक वाळलेली वनस्पती चिकटवलेली आहे, खालच्या कोपऱ्यात लेबल आहे आणि वर काडेपेटीहून लहान अशी एक कागदी पुडी आहे. माझा जन्म सुती चिंध्यांच्या लगद्यातून झाला. स्वस्तातले कागद थोड्याच वर्षांत पिवळे पडून तुटतात, आम्ही चिंध्यांचे कागद मात्र शंभर वर्षे सहज काढतो. याचा मला थोडा ताठा आहे, तेवढा चालवून घ्या.

कारखान्यातून मी एका कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात आलो. लांबट खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटे, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि खिडकीपाशी एक मोठे टेबल. त्या टेबलावर मावशींचे राज्य होते. वाळवलेली झाडे कागदावर बसवणे हे त्यांचे काम. पान असेल तर डिंक, काडी असेल तर कागदाची बारीक पट्टी आणि जाड फांदी असेल तर सुई-दोरा. दोन पाने असली तर एक उताणे ठेवायचे आणि एक पालथे, म्हणजे बघणाऱ्याला दोन्ही अंगे दिसतात. मावशींची शाळा सातवीत सुटली होती, पण चार हजार झाडे त्यांच्या हाताखालून गेली होती. कोणाची पाकळी तुटली तर त्या अशा हळहळत, की जणू घरातल्या पोराला लागले आहे.

एके दिवशी सर गुडघ्यापर्यंत भिजून आले. झाडे ओळखण्यात सरांचा हात धरणारा कोणी नव्हता. नदीच्या धारेतल्या खडकावरून त्यांनी एक टवका आणला होता. त्यावर हिरवट-तपकिरी, पापुद्र्यासारखे काहीतरी घट्ट बसले होते. ना खोड, ना पान. सरांनी ते सोडवले, दाबून वाळवले, लेबलावर ‘शेवाळ’ असे लिहिले आणि ते माझ्यासकट मावशींकडे दिले.

मावशींनी ते चिमट्याने उचलले, तेव्हा काठाशी मोहरीएवढे काहीतरी हलले. त्यांनी भिंग घेतले. मग उठून त्या सरांच्या टेबलापाशी गेल्या.

“सर, जरा बघता का? याला फूल आहे.”

“कशाला?”

“या नदीवरच्याला. दोन पुंकेसरसुद्धा दिसतायत.”

“मावशी, शेवाळाला फूल येत नसतं. दुसऱ्या कशाचं तरी येऊन चिकटलं असेल.”

“चिकटलेलं नाही, सर. उगवलेलं आहे.”

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हसून म्हणाले, “दगडफूल हे नाव ऐकून फसलात की काय?”

खोलीत हशा पिकला. दगडफूल तुम्हाला ठाऊक असेल. ते दगडांवर, झाडांच्या सालींवर वाढते. त्याच्या नावात फूल आहे, पण जन्मात त्याला फूल येत नाही. त्या दिवसापासून मावशींना सगळे ‘दगडफूल मावशी’ म्हणू लागले. सर मनाने वाईट नव्हते हो. त्यांना फक्त वाटत होते, की जे आपल्याला ठाऊक नाही ते मावशींना कुठून ठाऊक असणार. मला त्यांचा फार राग आला होता.

मावशी वाद घालत बसल्या नाहीत. चिकटवताना गळून पडलेले ते फूल आणि त्याच्या शेजारची तीन इवलीशी बोंडे त्यांनी पुडीत ठेवली, पुडी माझ्यावर डकवली आणि पेन्सिलीने लिहिले: ‘फूल एक, बोंडे तीन.’ मग माझी रवानगी शेवाळाच्या कपाटात झाली.

तिथे मी अकरा वर्षे काढली. माझी पुडी उघडून बघणारे कोणी आले नाही. कसर लागलेले दोन शेजारी माझ्या डोळ्यांदेखत चाळणी झाले. वर्षातून दोनदा गोळ्या बदलायला मावशी येत. मला उघडत, पुडीवर बोट फिरवून ती जागेवर आहे ना बघत आणि बंद करत. बाहेर कोणीतरी “दगडफूल मावशी, चहा आला” अशी हाक मारी. मावशीही हसून ओ देत. पण ते हसू वरवरचे होते, हे मी जवळून पाहिले आहे.

मग संग्रह सांभाळायला नव्या बाई आल्या. कपाटे ओसंडून वाहत होती, म्हणून त्यांनी निवडायला घेतले. जुने, दुबार, बिनकामाचे शेवाळ बाहेर काढायचे ठरले आणि मी टाकायच्या गठ्ठ्यात गेलो. मावशींच्या निवृत्तीला तेव्हा आठ दिवस उरले होते. मित्रांनो, मी कचऱ्यात गेलो असतो तर मावशींनी खरे पाहिले होते याचा एकमेव पुरावा गेला असता. तीस वर्षे काम करून त्या दगडफूल म्हणूनच घरी गेल्या असत्या. माझ्या कडा अक्षरशः थरथरत होत्या, आणि खिडकी तर बंद होती.

मावशींना मला पदराआड लपवता आले असते. त्यांनी मला बाईंच्या समोर ठेवले.

“बाई, टाकायच्या आधी ही पुडी उघडा. मी सांगते म्हणून नको. तुम्ही स्वतः बघा.”

बाईंनी ते फूल काचपट्टीवर घेतले आणि कोमट पाण्याचा थेंब टाकला. अकरा वर्षे चुरगळून पडलेले फूल हळूहळू फुगले. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग एक बोंड फोडले, तर आतून धुळीसारख्या बिया निघाल्या. पाणी लागताच त्या बियांभोवती गोंदासारखे काहीतरी सुटले आणि त्या सुईला चिकटून बसल्या.

“मावशी,” बाई डोळा न काढता म्हणाल्या, “सरांना बोलवा.”

सर येईपर्यंत बाई मावशींना सांगत होत्या आणि मी ऐकत होतो. जिला मी इतकी वर्षे वागवत होतो तिचे सबंध कुळच भन्नाट आहे. या कुळातल्या वनस्पती धबधब्यात नि धारेत राहतात, जिथे दुसऱ्या कोणाचा पाय ठरत नाही. मूळच चपटे होऊन खडकाला धरते आणि तेच हिरवे होऊन पानाचे काम करते. पाणी चढलेले असते तेव्हा सगळे गपचूप. ते उतरले की दोन-चार दिवसांत फुलायचे, बी धरायचे आणि वाळायचे. पुढच्या पाण्यात बी दगडाला चिकटले तर चिकटले, नाहीतर गेले वाहून. या कुळाला कुठे बसवावे यावर मोठमोठ्या पंडितांनी डोकी धरली. काहींनी तर त्याला सगळ्या फुलझाडांपासून वेगळेच ठेवले. शेवटी पेशींच्या आतली कुंडली तपासली तेव्हा कळले, की याचे सख्खे नातलग डोंगरावर पिवळी फुले घेऊन ऐटीत उभी असलेली झुडपे आहेत.

सर आले. त्यांनी पाहिले, पुन्हा पाहिले आणि स्टूल ओढून बसले.

“मावशी, माझं चुकलं. अकरा वर्षं चुकलं.”

“तेव्हा तुमचा चष्मा कपाळावर होता, सर,” मावशी म्हणाल्या.

आमच्यात एक रीत आहे. जुने लेबल कधी फाडत नाहीत. चूक तशीच राहू देतात आणि तिच्यावर नवी चिठ्ठी लावतात. सरांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली. त्यात कुळाचे नाव घातले आणि फूल प्रथम मावशींनी पाहिले, हेही लिहिले. मी फुलझाडांच्या कपाटात आलो, त्या पिवळ्या झुडपांच्या शेजारी. मंडळी जरा शिष्ट आहेत, पण नाते नाकारत नाहीत.

त्याच आठवड्यात नदीचे पाणी उतरले. सर, बाई आणि मावशी धारेवर गेले. मी अर्थातच गेलो नाही. शेवटच्या दिवशी गोळ्या बदलताना मावशींनीच मला सगळे सांगितले. खडकच्या खडक गुलाबी झाले होते म्हणे. हजारो झाडे हाताळली, पण सगळी मेलेली, चपटी. पाण्याचे तुषार अंगावर घेत जगणारे हे पहिलेच. मावशी त्या खडकापाशी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी खूप वेळ नुसते पाहिले. मग सरांनी पिशवीतून छिन्नी काढली. मावशींनी त्यांचा हात धरला.

“राहू द्या, सर. एक आहे ना आपल्याकडे.”

मित्रांनो, तो एक म्हणजे मी. म्हणून मला ओल्या हातांनी धरू नका, दुमडू नका, उन्हात विसरू नका. मी फाटलो तर कोणीतरी पुन्हा छिन्नी घेऊन त्या नदीवर जाईल.