पंधरा हजार किलोमीटरचं तेल

इंजिनखालचा तेलाचा चेंबर उतरवायच्या आधीच वैद्याला माहीत होतं, आत काय सापडणार. तेल सोडायचा नट काढला तेव्हा तेल पडलंच नाही. जरा वेळाने एक जाड काळी गुठळी बाहेर आली आणि तिथेच लोंबकळत राहिली. खाली धरलेल्या पत्र्याच्या परातीत टपकायचीही तिची तयारी नव्हती.

"काय म्हणतंय?" दाजींनी विचारलं.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. रॅम्पच्या कडेला टोपी हातात घेऊन उभे होते. आजारी माणसाच्या खाटेशी नातेवाईक उभे राहतात तसे.

"बघतोय," वैद्य गाडीखालूनच म्हणाला. वर बघितलं असतं तर दाजींचं तोंड दिसलं असतं, म्हणून बघितलं नाही.

वैद्य हे त्याचं खरं नाव नव्हे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून तो डोळे मिटायचा आणि सांगायचा, "तिसऱ्या नंबरचं बेअरिंग बोलतंय." बहुतेक वेळा तेच निघायचं. म्हणून गल्लीने त्याला वैद्य करून टाकलं. आज ऐकण्यासारखं काही नव्हतं. इंजिन मेलं होतं. चेंबर उतरवला तर तळाला बोटभर गाळ, डांबरासारखा. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोला तेल नेणारी नळी बुजलेली. एक बेअरिंग जळून निळं पडलेलं. आणि हे सगळं कुणी केलं, हे त्या गॅरेजात एकाच माणसाला ठाऊक होतं.

गाडी डायलिसिस केंद्राची. सहा जणांची, टर्बो डिझेल. दाजी तिचे चालक. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत अशी माणसं घरून उचलायची, केंद्रावर सोडायची, चार तासांनी पुन्हा घरी पोचवायची. आठवड्यातून तीनदा, तेच चेहरे. केंद्राच्या गाड्यांचं काम वैद्याला मिळालं तेही दाजींनी शब्द टाकला म्हणून. "आमचे मेव्हणे गाडीला पोटच्या पोरीसारखं जपतात," असं ते सगळ्यांना सांगायचे. जपणारा कसा जपत होता, ते आता ऐका.

ह्या गाडीला सिंथेटिक तेल घालायचं, असं केंद्राने लिहून दिलं होतं. साध्याच्या तिप्पट भाव. दोन वर्षांपूर्वी एकदा माल पुरवणाऱ्याचा टेंपो आलाच नाही. गाडी रॅम्पवर, जुनं तेल निघून गेलेलं, आणि दुपारी पेशंट घरी न्यायचे म्हणून दाजी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतायत. वैद्याने कोपऱ्यातल्या ड्रममधलं साधं तेल घातलं. मनात म्हणाला, पुढच्या आठवड्यात बदलून टाकू. बिल मात्र महागड्याचंच झालं, कारण ते आधीच लिहून ठेवलेलं होतं. पुढच्या आठवड्यात गाडी आली नाही. आली तेव्हा त्याने मूठ कानाला लावली, तर इंजिन गात होतं.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, म्हणजे अंधार पडला. तेल म्हणजे तेल! वास तोच, ओशटपणा तोच. वरचे पैसे कशाचे? डब्यावरच्या सोनेरी चित्राचे. कंपन्या जगाला लुटतायत, आपण कंपन्यांच्या गिऱ्हाइकाला जरा लुटलं तर कुठे आभाळ कोसळतंय? माणसाला चोरी करायची असली की पहिल्यांदा तो दुसऱ्या मोठ्या चोराकडे बोट दाखवतो. पहिल्यांदा अडचण होती, दुसऱ्यांदा सोय झाली, तिसऱ्यांदा सवय.

आणि गंमत अशी, की तेलाच्या बाबतीत तो पुरता चुकलेलाही नव्हता. जुन्या टॅक्सीवाल्यांना तो उघडपणे ड्रममधलंच तेल द्यायचा, साध्याच भावात, आणि त्या गाड्या म्हाताऱ्या होईपर्यंत पळायच्या. पण त्यांचं तेल दर पाच हजार किलोमीटरला बदललं जायचं. सिंथेटिक पंधरा हजार टिकतं. त्याच टिकण्याचे तर पैसे. बॉनेटखाली स्टिकर लावायचा असतो, पुढचं तेल किती किलोमीटरला बदलायचं त्याचा. वैद्याने खरा आकडा लिहिला असता तर केंद्राने विचारलं असतं, एवढं महाग तेल पाच हजारांतच कसं संपलं? म्हणून तिथे पंधरा लिहिले. एक खोटं पोसायला दुसरं खोटं कामाला लावलं, आणि घात त्या दुसऱ्याने केला.

तसा तो अगदी निगरगट्ट नव्हता. सुरुवातीला पाच हजार झाले की फोन करायचा, "दाजी, जाता जाता गाडी दाखवून जा, आवाज ऐकून घेतो." आणि दाजी चहाला गेले की गुपचूप तेल बदलायचा, फुकट. चोराने फोडलेल्या घराला रात्री कुलूप लावून यावं, तसं. दाजी परत येऊन म्हणायचे, "मेव्हणे, तुमच्यासारखा माणूस नाही." या वर्षी हाताखालचा माणूस सोडून गेला, कामाचा ढीग पडला, आणि ते फोन करायचे राहिले. एवढंच. राहिले.

रॅम्पवर यायच्या आदल्या दिवशी, केंद्राकडे जाताना, गाडी उड्डाणपुलाच्या ऐन मध्यावर बंद पडली. आत तिघे पेशंट होते. त्यातले एक निवृत्त मास्तर, दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं. पुलावर ना पुढे जाता येत होतं ना मागे. दुसरी गाडी पोचायला तीन तास गेले. मास्तरांना धाप लागली, ओठ काळेनिळे पडले. दाजी त्यांना छातीशी टेकवून बसले होते, टोपीने वारा घालत. मास्तर वाचले, पण चार दिवस अतिदक्षता विभागात काढले.

मग सगळ्यांच्या माना दाजींकडे वळल्या. सहा वर्षांपूर्वी दाजी प्यायचे. सोडली ती सोडली, थेंब नाही. पण सोडलेल्या दारूचा वास लोकांच्या नाकातून जात नाही. चालकानेच तेलाकडे लक्ष दिलं नसणार, असं केंद्रात बोललं जाऊ लागलं. दाजींकडून किल्ली काढून घेतली आणि त्यांना फाटकाशी स्टुलावर बसवलं, येणाऱ्यांना टोकन द्यायला.

वैद्याने हे सगळं ऐकलं आणि गप्प बसला. एक दिवस, दोन दिवस. रोज सकाळी ठरवायचा, आज सांगू. मग कुणीतरी गिऱ्हाईक यायचं आणि ते गिऱ्हाईक त्याला देवासारखं वाटायचं.

दहाव्या दिवशी भर दुपारी ताई गॅरेजात आली. ती कधी यायची नाही, ग्रीसचे डाग साडीला लागतात म्हणून. आली ती टायरच्या थप्पीवरच बसली.

"एक विचारते. खरं सांगशील?"

"विचार की."

"हे पुन्हा प्यायला लागलेत का?"

वैद्याच्या हातातला पाना फरशीवर पडला. उचलायला तो वाकला, आणि लागतो त्याहून जास्त वेळ वाकून राहिला.

"मला... वाटत नाही तसं."

"वाटत नाही म्हणजे? तू काय हवामानाचा अंदाज सांगतोयस? रोज संध्याकाळी मी त्यांच्या तोंडाजवळ जाऊन वास घेते. ह्या वयात! काही ना काही निमित्त काढून. त्यांना कळतं रे. काल स्वतःच तोंड पुढे केलं आणि म्हणाले, घे, बघून घे." तिने पदराने नाक पुसलं. "वास येत नाही. पण मग इंजिन गेलं कसं?"

"गाडी आहे ताई. जाते एखादी."

"तू बघत असताना?"

हा टोमणा नव्हता. तिचा विश्वास होता. म्हणूनच तो बरगडीत घुसला. वैद्य म्हणाला, "चहा घेणार?" इतका नालायक प्रश्न त्याने जन्मात विचारला नव्हता. ताई उठली, साडी झटकली आणि गेली.

अकराव्या दिवशी केंद्राची वाहतूक बघणाऱ्या साहेबांनी बोलावलं. बिघाडाचा अहवाल गॅरेजवाल्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचा होता. छापील कागद. खाली एक चौकोन, 'बिघाडाचे कारण'.

फाटकात दाजी स्टुलावर बसले होते. मांडीवर टोकनांचा डबा. वैद्याला बघून त्यांनी बाजूला सरकून अर्धं स्टूल मोकळं केलं. स्टूल एकाच माणसाचं, तरी सरकले.

"कागद भरायला आलात ना?" दाजी हळूच म्हणाले. "माझंच नाव लिहून टाका. मनाला लावून घेऊ नका. दोघांचं बुडण्यापेक्षा एकाचं बुडालेलं बरं. तुमचं गॅरेज राहिलं पाहिजे."

"तुम्ही काय केलंय म्हणून?"

"मी रोज सकाळी तेलाची डिपस्टिक काढून बघायचो. निदान मला तसं आठवतंय. पण सगळेच म्हणतायत तर... एखाद्या दिवशी राहिलं असेल. प्यायचो तेव्हाही मला असंच वाटायचं, की आपल्याला सगळं आठवतंय." ते ओशाळवाणे हसले. "आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही, मेव्हणे."

समोर एक बाई टोकनासाठी हात पुढे करून उभी होती. दाजींनी तिला टोकन दिलं, "आत डावीकडे" असं सांगितलं. तेवढा वेळ वैद्य उभाच होता. मग त्याने एका दमात सगळं सांगितलं. ड्रम, स्टिकर, मधले फोन, फुकटचं तेल, सगळं. बाईने मागे वळून बघितलं. त्याने आवाज खाली केला नाही.

दाजींनी टोकनांच्या डब्याचं झाकण लावलं.

"मी बघायचो ना पण रोज?"

"बघत असणार. तेल भरलेलंच असायचं. डिझेल गाडीत ते काळंच दिसतं. बाहेरून कुणालाही कळलं नसतं."

"म्हणजे मला वेड लागलं नव्हतं," दाजी स्वतःशीच म्हणाले. त्यांनी डबा खाली ठेवला. ते मारतील असं वैद्याला वाटलं, आणि मारतील तर बरं, असंही वाटलं. त्यांनी मारलं नाही. "गेले अकरा दिवस," ते म्हणाले, "मी तोंडासमोर हात धरून माझ्याच श्वासाचा वास घेतोय. न पिता." मग पुन्हा डबा उचलून मांडीवर घेतला. "तुमच्या ताईला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही. आता जा आत."

साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"अहो, हे काय लिहिलंय? चालक स्वतः कबूल करतोय. 'चालकाची हयगय' एवढं लिहा आणि सुटा. नवं इंजिन तुमच्याकडूनच बसवून घेऊ. उगाच तेलाचा चिखल कशाला अंगावर घेता?"

"चिखल माझाच आहे, साहेब."

"पण खरं सांगा, त्या महाग तेलात एवढं काय असतं? मला तर तो शुद्ध चोरधंदा वाटतो."

दोन वर्षं वैद्यालाही हेच वाटत होतं. "साध्या इंजिनात काही फरक पडत नाही," तो म्हणाला. "साधं तेल घाला, वेळेवर बदला, गाडी पळते. पण ह्याला टर्बो आहे, तो तापतो. आणि गाडी दिवसभर थांबत थांबत चालते. त्यात पंधरा हजार काढायचे असतील तर तेच तेल लागतं. त्याचे पैसे वाजवी आहेत. मी घेतलेले वाजवी नव्हते."

साहेबांनी कागदावर शिक्का मारला. दोन ओळींत वैद्याचं काम काढून घेतलं, इंजिनचा खर्च त्याच्याकडून वसूल करायचं ठरलं, आणि दाजींना किल्ली परत मिळाली. ताईला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि आतल्या खोलीत दाजींपाशी जाऊन बसली. दार लोटून घेतलं. वैद्य स्वयंपाकघरात अर्धा तास उभा राहिला. मग कुणी 'जा' म्हणालं नाही, तरी निघाला.

तीन आठवड्यांनी नव्या इंजिनची गाडी त्याच्या गॅरेजसमोरून जाताना थांबली. दाजींनी काच खाली केली. "केंद्राकडे चाललोय. खर्चाचा हप्ता भरायचाय ना तुमचा? बसा."

बोलण्यात राग नव्हता, आणि मायाही नव्हती. वैद्य मागे बसला. शेजारी मास्तर होते, काठी गुडघ्यांत धरून. अंगाने अर्धे झालेले, पण डोळे शाळेतलेच.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"आमच्या बायकोचा भाऊ," दाजी म्हणाले. आरशात त्यांचे डोळे वैद्यावर होते. पुढे काही बोलले नाहीत. बोलायचं काम त्यांनी ज्याचं त्याच्यावर सोडलं होतं.

पुढे सिग्नल लागला. वैद्य मास्तरांकडे वळला.

"मास्तर," तो म्हणाला, "त्या दिवशी पुलावर गाडी बंद पडली ना, ती माझ्यामुळे. पैसे चांगल्या तेलाचे घेतले आणि घातलं साधं."

मास्तरांनी मान वळवून त्याला नीट बघितलं. पोराची वही तपासावी तसं.

"आणि दोष यांच्यावर आला."

"हो."

"मग तुम्ही कबूल केलंत."

"केलं."

"कधी?"

"अकराव्या दिवशी."

मास्तर काठीवर दोन्ही हात ठेवून जरा पुढे झुकले. त्यांना अजून बोलताना दम लागत होता.

"आणि दहा दिवस काय करत होतात?"

सिग्नल सुटला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट सुरू केला. दाजींनी गाडी हलवली नाही. तेही उत्तराची वाट बघत होते.