हंबीररावांच्या पायाखालचा चौरंग

मी एक जुना सागवानी चौरंग आहे. सध्या माझा मुक्काम सांगलीत, राजेश्वरीताईंच्या ओसरीवर असतो. पण मित्रांनो, माझा जन्म उंब्रजचा. इंग्रजी अमलात तिथल्या एका सुताराने मला पूजेसाठी घडवले आणि पूजेआधीच मला साताऱ्याच्या कोर्टात जावे लागले.

त्याला कारण माझे धनी, वकील हंबीरराव. माणूस हुशार, आवाज खणखणीत, उंची मात्र जेमतेम. पहिल्याच खटल्यात ते बोलायला उठले, तर गोऱ्या न्यायाधीशाला टेबलामागे नुसती पगडी दिसली.

"वकील उभे का राहत नाहीत?" साहेबाने विचारले. सारे कोर्ट खो खो हसले.

हंबीररावांचे पक्षकार होते माण तालुक्यातले मेंढपाळ केरबा. दुष्काळात त्यांची मेंढरे सरकारी रानात शिरली म्हणून अख्खा कळप जप्त झाला होता. त्यांच्या तोंडचे पाणीच पळाले. "आवं वकीलसायेब, सायबाला तुमी दिसतच न्हाई, मग माजी मेंढरं सुटायची कशी?"

दुसऱ्या दिवशी हंबीरराव मला काखेत मारून कोर्टात आले, माझ्यावर चढले आणि म्हणाले, "साहेब, आता दिसतोय. ऐकू तर कालही येत होतो." साहेबालाही हसू आवरेना. मग हंबीररावांनी विचारले, रानाच्या हद्दीचा एकही दगड जागेवर नाही, तर मेंढरांनी हद्द ओळखायची कशी? कळप सुटला. निघताना केरबांनी मलाही हात जोडले. मी लाकूड असलो तरी लाजलो!

पुढे हंबीररावांची मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमणूक झाली. त्यासाठी त्यांचे जिवलग मित्र, इनामदार सयाजीराव यांनी शब्द टाकला होता. तिथे माझ्यावर उभे राहून हंबीरराव मेंढपाळांच्या चराईसाठी भांडभांड भांडले. मते मोजली, तर त्यांच्या बाजूने त्यांचे एकट्याचेच मत! परतीच्या वाटेवर मला थोपटत म्हणाले, "हरलो गड्या. पण सगळ्यांनी माना वर करून ऐकलं."

उतारवयात ते न्यायाधीश झाले. खुर्ची उंच, पाय लोंबकळायचे, म्हणून मी त्यांच्या पायाखाली आलो. एकदा लीलाबाई नावाची म्हातारी समोर उभी राहिली. तिची विहीर बळकावली होती ती नेमकी सयाजीरावांनी. इनामदार ऐटीत खुर्चीवर बसलेले आणि म्हातारी मात्र उभीच. हंबीररावांनी मला उचलून तिच्याकडे पाठवले.

"आन् तुमचं पाय वं?" लीलाबाईने विचारले.

"लोंबू देत, आजी. तुम्ही बसून सांगा."

सयाजीराव खाकरले. "हंबीरराव, आपली जुनी ओळख..."

"ती घरी, इनामदार. इथे आजींचं ऐकायचंय."

विहीर लीलाबाईला परत मिळाली. सयाजीरावांकडून दिवाळीचा फराळ येणे कायमचे बंद झाले. हंबीरराव घरचेच लाडू मजेत खात राहिले.

ते गेल्यावर मी माळ्यावर पडलो. पिढ्या बदलल्या, घराने साताऱ्याहून सांगलीला बिऱ्हाड हलवले. कधी रंगाऱ्याचे डबे, कधी तुळशीची कुंडी माझ्या डोक्यावर आली. मी कुणाचा, हे घरात कुणालाच ठाऊक राहिले नाही. मग कृष्णेचा महापूर घरात शिरला. मी तरंगत फाटकापर्यंत गेलो आणि तिथे माझा एक पाय मोडला. चिखल उपसताना घरातल्या आताच्या पिढीच्या राजेश्वरीताईंनी मला कचऱ्याच्या ढिगावर ठेवले. शेजारचे भरतेश धावत आले. "काकू, टाकताय काय! लय जुनं सागवान हाय. पाय मी बसवतो."

बसवलाही त्यांनी. आता राजेश्वरीताई माझ्यावर बसून शेंगा फोडतात आणि येणारेजाणारे मूठभर दाणे घेऊन गप्पा मारतात.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू टाकण्याआधी थोरामोठ्यांना विचारा, ही कुणाची? सांगणारे आहेत तोवरच विचारा. आणि मला काचेच्या कपाटात मात्र ठेवू नका. माझ्यावर बसा, उभे राहा, हवे तर नाचा. फक्त अंगणात पावसात विसरू नका. मला अजून पुष्कळ वजन पेलायचे आहे.