हातोडी आधी खाली

मित्रांनो, मी एक जुनी हातोडी आहे, आणि स्वभावानं महाभित्री आहे. हसू नका! खिळे ठोकणाऱ्या हातोड्या धीट असतात. मी तबला सुरात लावणारी, पितळेची, जेमतेम वीतभर. तबल्याच्या कडेला चामड्याची वेणी असते, तिला गजरा म्हणतात. त्यावर एक घाव जास्त बसला की वरची पुडी, म्हणजे ताणून बसवलेलं चामडं, टर्रकन फाटते. जन्मभर असलं काम केल्यावर कुणाची छाती धडधडणार नाही?

माझा जन्म मिरजेचा. माझे मालक मनोहरकाका इंजिनियर होऊन अमेरिकेला निघाले, तेव्हा त्यांनी मला पायमोज्यात गुंडाळून बरोबर आणलं. रिटायर झाल्यावर मॉरिसव्हिलच्या घरी, गॅरेजमध्ये, त्यांनी तबल्याचा क्लास सुरू केला. मुलं मला हातात घेऊन "सो क्यूट!" म्हणायची. मग बोल्ट पिळून सुरात लावायचे तबले आले, आणि मी ड्रॉवरमध्ये जाऊन पडले. चार वर्षं कुणी विचारलं नाही. वाईट वाटलं हो, खोटं कशाला सांगू?

मला बाहेर काढलं ते क्लासला नव्यानं आलेल्या अंतरासाठी. अंतरा एकवीस वर्षांची. तिला ऑटिझम आहे. बोलणं मोजकं, पण कान असा की फ्रिजची घरघर जराशी बदलली तरी घरात सगळ्यांच्या आधी तिला कळतं. काकांनी तिला वाजवण्याऐवजी आधी जुना, गजऱ्याचा तबला लावायलाच शिकवलं. एक ठोका, ऐकायचं, तबला फिरवायचा, समोरच्या बाजूला ठोका, पुन्हा ऐकायचं.

एकदा सूर काही चढेना. अंतरा ठोकत राहिली, ठोकतच राहिली. मी जिवाच्या आकांतानं ओरडत होते, पण माझं ऐकतंय कोण! पुडी फाटली. अंतरा कानांवर हात दाबून कोपऱ्यात बसली, आणि पुढे तीन आठवडे आलीच नाही.

आली तेव्हा काकांनी नियम केला. "अडलं की हातोडी आधी खाली. मग म्हणायचं, अडलं. मी धावत येईन. पण तू म्हटल्याशिवाय हलणार नाही." पहिल्यांदा तो शब्द तिच्या तोंडून निघायला पाच महिने लागले. तोवर काका समोर हाताची घडी घालून बसायचे. त्यांना केवढं जड जायचं, ते मी पाहिलंय.

एके दिवशी काकांच्या सायकलच्या चाकातल्या तारांवर तिनं सहज नख फिरवलं आणि म्हणाली, "दिस वन इज लूज." ती तार खरंच ढिली होती. काकांचे डोळे चमकले. मग तबल्याबरोबर चाकं आली. डुलणाऱ्या चाकाच्या तारा छोट्या चावीनं कमीजास्त आवळून ते सरळ करायचं, म्हणजे चाकाचा आउट काढायचा. तेच ऐकणं, तेच फिरवणं.

अंतराची आई सुमेधा मात्र काळजीनं अर्धी झाली होती. "काका, बावीस पूर्ण झाली की हिची इथली स्पेशल शाळा संपणार, बस यायची बंद होणार. दोन ठिकाणी नोकरीसाठी ट्रायल झाली. दोन्हीकडे लिहून दिलं, अडली तर मदत मागत नाही. आमच्यानंतर हिचं काय हो?"

काकांनी सायकलच्या एका दुकानात तिसरी ट्रायल ठरवली.

त्या सकाळी मी अंतराच्या एप्रनच्या खिशात होते. दुकानाची मालकीण रूथ, उंच, घाईची बाई. आई दारातच घुटमळत होती. "काका, मी फक्त इथे उभी राहते ना, प्लीज!"

"सुमेधा, गाडीत बस. मीही बसतो."

पहिली दोन चाकं झकास झाली. तिसरं गंजलेलं होतं. अंतरानं मला खिशातून काढलं, तशी रूथ दचकली. तारेवर हातोडी! पण अंतरानं मला नुसतं टेकवलं. टिंग. चावी फिरवली. टिंग. सूर तोच. पुन्हा फिरवली. सूर तोच! चावी फिरत होती, पण तार घट्ट होत नव्हती, नुसती पिळली जात होती. आणखी एक फेरा, आणि ती तुटलीच असती. मला ती फाटलेली पुडी आठवली. माझं पितळ गार पडलं.

अंतरानं मला खाली ठेवलं. "अडलं."

अरे देवा! रूथला मराठी कुठून कळणार? अहो काका, एवढं सगळं शिकवलंत, हा एक शब्द तेवढा इंग्रजीत शिकवायचा ना! रूथ गिऱ्हाइकाशी बोलतच होती.

"अडलं." काचेपलीकडे आईनं गाडीचं दार उघडलं. काकांनी तिचा हात धरून ठेवला. अंतराचा हात चावीकडे गेला, आणि मागे आला.

"अडलं!"

रूथ आली. "वॉट इज इट, हनी?" अंतरानं तिच्याकडे न बघता त्या तारेवर नख मारलं, मग शेजारच्या तारेवर. "नॉट गोइंग अप. स्टक." रूथनं वाकून पाहिलं, तेल सोडलं, आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्याकडे येणारी नवी पोरं इथे हमखास तार तोडतात, असं ती म्हणाली. अंतरा मात्र थांबली होती. रूथनं तिला सोमवारी नऊ वाजता कामावर यायला सांगितलं. गाडीत सुमेधा इतकी रडली, की काकांना रुमाल पुरेना.

आता मी दुकानातच अंतराच्या टेबलावर असते. भीती अजून वाटते, सवयच ती. मित्रांनो, एकच विनवणी. कुणी अडलंय असं दिसलं तर लगेच त्याच्या हातातलं काम ओढून घेऊ नका, थोडं थांबा. आणि त्यानं हाक मारली की मात्र धावा, मग ती कुठल्याही भाषेत असो.

परवाचीच गोष्ट. एक पेडल निघता निघेना. रूथ लालबुंद झाली, पाना उगारला, आणि मग तो हळूच खाली ठेवला. इकडेतिकडे बघत म्हणाली, "अड्-ला."

अंतरानं हात पुसले आणि उठून तिच्याकडे गेली.