कवटी न उघडता

बैल धुता धुता दानियलच्या हातातून बादली निसटली. त्याची बायको निर्मला हाक मारणार तेवढ्यात तो खाली बसला. तोंडातून शब्दाऐवजी नुसती घरघर आली आणि उजवा हात लुळा पडला. नवापूरच्या दवाखान्यातून त्यांना तसंच पुढे धाडलं. सकाळी दहाच्या सुमाराला नंदुरबारात त्याच्या मेंदूचा स्कॅन निघाला.

डॉक्टर गायत्री गावित पुस्तकी मराठीत सांगत होत्या, रक्तदाब वाढून मेंदूतली नस फुटलीय, आत रक्त साकळलंय. मग निर्मलाचा चेहरा पाहून त्यांनी नवापूरकडची घरची बोली धरली. धीर यायच्या ऐवजी निर्मला जास्तच घाबरली. दवाखान्यातलं माणूस घरच्या बोलीवर आलं म्हणजे गोष्ट साधी नाही, हे तिला कळत होतं.

रस्ते दोन होते. कवटी उघडून ती रक्ताची गाठ काढायची, नाहीतर औषधांनी दाब खाली आणून डोळ्यात तेल घालून वाट पाहायची. गाठ वरवर असती तर काढणं सोपं होतं. ही खोल होती. तिथवर जायचं तर धडधाकट मेंदूतून वाट काढावी लागणार. अशा खोल गाठीत उघडलेले आणि न उघडलेले, दोन्ही रोगी पुष्कळ ठिकाणी ताडून पाहिलेत, पण उघडल्याने जास्त जगतात असं ठामपणे दिसलेलं नाही, असं बाई म्हणाल्या. त्यांचा कल औषधांकडे होता.

दानियलचा धाकटा भाऊ अजित सुरतेला बांधकामावर राहिलेला. तिथं त्याच्या कामावरच्या जोडीदाराचं डोकं उघडलं होतं आणि तो माणूस पुन्हा कामावर आला होता. अजितला औषध म्हणजे हात वर करणं वाटत होतं.

"भाभी, काही न करता मरू द्यायचं का त्याला?"

निर्मलाने डॉक्टरांना विचारलं, "उघडलं तर बोलेल का तो?"

"ते मला सांगता येणार नाही, ताई. कुठल्याच रस्त्याने नाही."

कागद तिच्यापुढे होता. सही कुठेही केली तरी नवऱ्याचा जीव तिच्याच बोटांत आला होता. तिने औषधांच्या बाजूने सही केली. अजित तिच्याकडे न पाहता बाहेर निघून गेला.

मग दर पंधरा मिनिटांनी सिस्टर दाब मोजायची, डोळ्यांत बॅटरी मारायची, नखावर दाबून हाक मारायची. दानियल डोळे उघडायचा. प्रत्येक वेळी तो पापण्या हलवेपर्यंत निर्मला खाटेची कड धरून राहायची. तिला प्रार्थनाही सुचेना. चर्चमधली रोजची ओळ अर्ध्यावरच सुटून जायची.

दुपारी तीनच्या सुमारास त्याला उलटी झाली. सिस्टरने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा नख जोरात दाबलं. पापणी हलली नाही. त्याला पुन्हा स्कॅनला नेताना खाटेची चाकं वाजत गेली, आणि निर्मला भिंतीला टेकून उभी राहिली. पाच तास आपणच वाया घालवले, हे एकच तिच्या डोक्यात घुमत होतं.

गाठ वाढली नव्हती. पण रक्त मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत उतरलं होतं आणि पाणी तुंबून दाबत होतं. बाई म्हणाल्या, आता थांबता येणार नाही. पण कवटी उघडायची नाही, बारीक छिद्र पाडून नळी घालायची आणि तुंबलेलं पाणी बाहेर काढायचं.

"सकाळीच केलं असतं तर?" परत आलेल्या अजितने विचारलं.

"सकाळी पाणी तुंबलेलं नव्हतं, भाऊ."

निर्मलाने दुसरी सही केली. कागद तिने लगेच सिस्टरकडे दिला.

चौथ्या दिवशी दानियलने डोळे उघडले. आठवड्याने नळी निघाली. महिन्याभराने घरी सोडलं, तेव्हा उजवा हात लुळाच होता आणि त्याला धरून चालवावं लागत होतं. भाकर, पाणी एवढं म्हणायचा. बायकोचं नाव मात्र जिभेवर येत नव्हतं.

निघताना ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. सकाळीच उघडलं असतं तर हात वाचला असता का, असं तिने विचारलं.

"मला माहीत नाही, ताई. तो टेबलावरच गेलाही असता."

बाहेर अजित वाट पाहत होता. काय म्हणाल्या, त्याने विचारलं.

"त्यांनाही माहीत नाही," निर्मला म्हणाली, आणि गाडीत चढवायला तिने दानियलच्या उजव्या काखेत हात घातला. अजितने दुसरी बाजू धरली.