तीन बैठकांचे पोहे

बसा समीरजी, चहा येतोय. तोवर आमच्या वसुधाचा किस्सा ऐका. खोटा वाटेल, पण माझ्याच रिक्षात बसवून तिला इंदूरला नेलं होतं मी, म्हणून सगळा ठाऊक आहे. ऐकून सुन्न व्हाल भिया.

वसुधा म्हणजे राऊच्या पुढच्या आमच्या पंचायतीतली वॉर्ड सातची पंच. लोकांनी मतं देऊन निवडलेली. आता पंच बायको आणि कारभार नवऱ्याचा, ही आपल्याकडची जुनी बीमारी. गळ्यात गमछा टाकून बैठकीला तिचा नवरा देवेंद्र बसायचा. लोकही त्यालाच पंचजी म्हणायचे. वसुधाला तेव्हा त्यात काही वावगं वाटायचं नाही.

उन्हाळ्यात दुरुस्तीसाठी पंचायत भवनाचं छत उतरवलं, तशा बैठका देवेंद्रच्या हॉलमध्ये भरू लागल्या. वसुधा आत पोहे करायची. सेव, जीरावन मसाला, लिंबू, कशात म्हणून कसर नाही. हात कढईत आणि कान बैठकीत.

तर ह्याच सोमवारी दारात शिपाई. "वसुधाबाई कोण? पंचपदावरून तुम्हाला का काढू नये, ते उद्या अकरा वाजता एसडीएम मॅडमसमोर सांगायचं. ही तिसरी नोटीस आहे."

"काढणार? अरे पण मी केलं काय?"

दुसऱ्या दिवशी इंदूरच्या कचेरीत मॅडमनी बैठकांचं रजिस्टर वाचलं. "एप्रिल, गैरहजर. मे, गैरहजर. जून, गैरहजर. लागोपाठ तीन बैठका, न कळवता. पद जातं अशानं."

वसुधाला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं वाचतायत. "मॅडम, ह्या बैठका तर माझ्याच घरात झाल्या! तिन्ही वेळा मी पोहे केले!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"पोह्यांची सही नसते, बाई," मॅडम म्हणाल्या.

मग पंचायतीचा नवा सचिव निखिल उभा राहिला. माणूस वाईट नाही तो. म्हणाला, "मॅडम, आधी ह्यांच्या नावापुढे नवराच सही ठोकायचा. मी आलो आणि ते बंद केलं. पंच स्वतः सही करत नाही, तर गैरहजर. देवेंद्रजींना दर वेळी सांगितलं. आधीच्या दोन नोटिसा पण त्यांनीच घेतल्या."

वसुधानं वळून बघितलं. देवेंद्र पंख्याची पाती मोजत असल्यासारखा वर बघत होता.

"कुठायत नोटिसा?"

"अगं, गाडीच्या डिक्कीत. म्हटलं, मी निपटून घेईन. तुला कशाला फालतू टेन्शन?"

चौदा वर्षांचा संसार, पण ह्या माणसाला आजच पहिल्यांदा बघतेय, असं तोंड झालं तिचं. "माझं पद तुम्ही डिक्कीत घातलंत?" एवढंच बोलली.

मॅडमचा आवाज जरा उतरला. "बैठकीत तुम्ही काही बोललात, सुचवलंत, हे सांगणारं कुणी आहे? घरचं नको. बाहेरचं कुणी."

वसुधाला एकदम आठवलं. तिसऱ्या बैठकीला इंदूरच्या तुकोगंजमधल्या ऑफिसातून पाण्याच्या पाइपलाइनवाले इंजिनियर आले होते. नकाशा पसरून बसले. वसुधानं प्लेट खाली ठेवली आणि नकाशावर बोट टेकवलं. "इथून नका नेऊ साहेब, खाली काळा पत्थर आहे. बोअर खणताना बघितलाय मी. शाळेमागून न्या."

"तू चटणी आण," देवेंद्र म्हणाला.

पण त्या इंजिनियरनं तिचं नाव विचारलं आणि डायरीत लिहून घेतलं. पाइप शाळेमागूनच गेला. दिवाळीत वॉर्ड सातच्या नळाला पाणी आलं.

मॅडमनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. त्या दिवशी साक्ष आली तर ठीक, नाही तर पद गेलं. येताना देवेंद्र त्याच्या गाडीवर, वसुधा माझ्या रिक्षात. राऊ आलं तशी म्हणाली, "भाऊ, माझ्याच घरात मी नव्हते, असं लिहिलंय हो. त्या साहेबांना तरी आठवेल का, मी होते ते?"

घ्या, चहा आला. नकाशा तुमचा होता समीरजी, डायरी पण तुमचीच. शुक्रवारी रिक्षा घेऊन दारात उभा राहतो मी. ती डायरी घेऊन चला, आणि मॅडमसमोर तेवढं एक पान उघडा.